तुम्ही विचारलेत म्हणून: तिबेटी मॅस्टिफ खरोखर किती जुना?

मी पशुवैद्य आहे आणि हिमालयात फिरतो, हे कळले की लडाखहून परतलेले ट्रेकर मला हमखास एक प्रश्न विचारतात: तिबेटी मॅस्टिफ ही जगातल्या सगळ्या मोठ्या कुत्र्यांची मूळ जात आहे का, आणि ती ५८,००० वर्षांची आहे हे खरे का?

हा आकडा २००८ सालच्या एका चिनी अभ्यासातला आहे. त्या संशोधकांनी मायटोकॉन्ड्रियातील डीएनए, म्हणजे फक्त आईकडून पिलांकडे जाणारा वारसा, तपासला आणि या कुत्र्याचा मातृवंश करड्या लांडग्यापासून सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी वेगळा झाला असावा, असा अंदाज मांडला. हे मातृवंशाचे वय झाले, जातीचे नव्हे. एखाद्याचे गोत्र वसिष्ठ आहे म्हणून त्याचा आजचा वाडा वसिष्ठांच्या काळात बांधलेला ठरत नाही. शिवाय कुत्र्यांचे खात्रीचे अवशेषही इतके जुने नाहीत: जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल येथे माणसांसोबत पुरलेला कुत्रा सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा आहे, आणि ज्यांच्याबद्दल फारसा वाद नाही अशा सर्वांत जुन्या अवशेषांत त्याची गणना होते.

मग पुरावा म्हणून दाखवले जाणारे, प्राचीन अ‍ॅसिरियाची राजधानी निनवे इथल्या शिल्पपटांवरचे, राजा असुरबनिपालाच्या शिकारीतले ते दांडगे कुत्रे? ते इ.स.पू. ६४५च्या सुमाराचे आहेत आणि अप्रतिम आहेत. त्याच राजवाड्यात मातीचे पाच छोटे कुत्रेही सापडले, ज्यांतल्या एकाच्या अंगावर ‘विचार करू नको, चाव!’ असे नाव कोरलेले आहे. बॅबिलोनच्या क्षत्रपाने, म्हणजे इराणी सम्राटाच्या सुभेदाराने, पाळलेल्या भारतीय कुत्र्यांच्या अन्नासाठी चार गावांना इतर करांतून सूट होती, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो. मार्को पोलोने तिबेटातले कुत्रे गाढवाएवढे असल्याचे नोंदवले. यांतून मोठ्या कुत्र्यांना पूर्वापार मान होता एवढेच सिद्ध होते. निनवेचा कुत्रा तिबेटातून आला होता, हे त्यातून निघत नाही. जिथे कळप आणि लांडगे एकत्र नांदले, तिथे पिरेनीजपासून अनातोलियापर्यंत मेंढपाळांनी आपापले थोराड राखणदार निवडले. आज आपण ज्याला ‘जात’ म्हणतो ती वंशावळीच्या वह्यांतून ठरते, आणि तो प्रकार अगदी अलीकडचा आहे: गव्हर्नर-जनरल हार्डिंग यांनी राणी व्हिक्टोरियाला तिबेटचा कुत्रा पाठवला १८४७ साली, आणि अशा वंशावळी नोंदवणारा इंग्लंडचा केनेल क्लब स्थापन झाला १८७३ साली.

तरीही या कुत्र्यात काहीतरी अस्सल प्राचीन आहे, आणि मला त्याचे फार अप्रूप वाटते. मैदानातला कुत्रा ४,००० मीटरवर नेला तर ऑक्सिजनच्या टंचाईमुळे त्याच्या शरीरात तांबड्या पेशी वाढत जातात, रक्त दाट होते आणि हृदयावर ताण येतो. तिबेटी मॅस्टिफचे शरीर हा अतिरेक टाळते. ईपीएएस१ नावाच्या जनुकाचे जे रूप त्याला इथे उपयोगी पडते, ते त्याला तिबेटच्या लांडग्याकडून संकरातून मिळाले आहे. आणखी विलक्षण गोष्ट अशी, की तिबेटी माणसांनाही याच जनुकाचे एक रूप डेनिसोव्हन नावाच्या लुप्त मानववंशाकडून मिळालेले आहे. एकाच पठारावर राहणाऱ्या धन्याला आणि त्याच्या राखणदाराला तिथल्या विरळ हवेवरचा उपाय दोन वेगळ्या रानटी नातेवाइकांनी दिला.

लडाख-तिबेटमधल्या चांगथांग पठारावर याकच्या केसांच्या काळ्या तंबूबाहेर असा एक कुत्रा मी जवळून पाहिला आहे. धन्याने त्याला धरून ठेवल्यावर मी त्याच्या मानेच्या केसांत बोटे घातली, तेव्हा वरच्या राठ केसांखालची लोकर इतकी दाट होती की कातडीपर्यंत पोहोचायला वेळ लागला. गळ्यात लाल रंगवलेल्या याककेसांचा जाड पट्टा होता. दिवसा बांधलेला आणि अंधार पडला की मोकळा, असा त्याचा दिनक्रम. तिबेटी भाषेतल्या ‘दो-खी’ या त्याच्या नावाचा अर्थही ‘बांधलेला कुत्रा’ असाच आहे. या जातीची मादी बहुधा वर्षातून एकदाच, शरदाच्या अखेरीस माजावर येते आणि ऐन हिवाळ्यात विते. बहुतेक पाळीव कुत्र्या वर्षातून दोनदा माजावर येतात. लांडगी मात्र एकदाच.

म्हणून पुण्यातल्या सदनिकेसाठी ‘प्राचीन जातीचे’ पिलू घ्यावे का, असे कोणी विचारले, की मी त्या लोकरीबद्दल सांगतो. वैशाखात ती अंगावरून काढून ठेवता येत नाही.