ओकायामात माझ्या वाट्याला आलेला ‘रु’

क्योतोत तीन दिवस होते. तिथल्या गर्दीत देवळं कमी आणि लोकांच्या पाठीच जास्त बघितल्या, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. हिमेजीचा किल्ला सुंदर आहे. लिहायचंय ते ओकायामाच्या एका रात्रीबद्दल.

ओकायामाला जायचं कारण साधं होतं. मी सिंहगड रोडला राहते. आमच्याकडचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. इतकी वर्षं सकाळी नक्कल बघत फिरले, एकदा मूळ बघायचं होतं. कोराकुएन १७०० साली पुरी झाली. हिरवळ मोठी, पाणी संथ, नदीपलीकडे काळा किल्ला. बघून डोळे भरून आले. पण तेही आज बाजूला ठेवते.

माझी एक जपानी मैत्रीण तरुणपणी दोन वर्षं पुण्यात शिकायला होती, आमच्याच वाड्यात राहायची. माझ्या आईला ती अजून ‘आई’ म्हणते. आमच्या गच्चीवर तिने गाण्याच्या भेंड्या शिकल्या, आणि तेव्हाच मला सांगितलं होतं की त्यांच्याकडे असाच शब्दांचा खेळ असतो, शिरितोरी. म्हणजे ‘शेपूट धरणं’. एकाच्या शब्दाचं शेवटचं अक्षर दुसऱ्याने धरायचं. आता तिच्या घरी उतरले तेव्हा ती म्हणाली, “आज रात्री काराओकेत शिरितोरी. तुला भेंड्या येतात, तुला जमेल.”

मी तयारी करून गेले होते. सहा महिने आधी वही घातली होती: एकेका अक्षराला एकेक पान, त्यावर त्या अक्षराने सुरू होणारी जपानी गाणी. काना, म्हणजे उच्चारानुसार लिहायची जपानी लिपी, मला वाचता येते; कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, फारशी नाहीत. पण काराओकेच्या पडद्यावर कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार दिलेला असतो, त्यामुळे चाल माहीत असली की गाता येतं.

काराओकेचं यंत्र कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली भाड्याने द्यायला सुरुवात केली, हे मला वाचून ठाऊक होतं. पण दार लावून आपल्या आपल्यात गायच्या खोल्या ओकायामात सुरू झाल्या, १९८५ साली, मालवाहतुकीचे जुने कंटेनर वापरून, हे मैत्रिणीने गाडीत सांगितलं. आम्ही गेलो ती जागा स्टेशनजवळची, पाचव्या मजल्यावर. दर अर्ध्या तासाला माणशी पैसे, शिवाय प्रत्येकाने एक पेय घ्यायलाच हवं. खोलीत सिगरेटचा शिळा वास इतका होता की पहिली दहा मिनिटं माझा घसा धरला. खिडकी नाही. गाण्यासाठी बांधलेल्या खोलीत धुराची परवानगी असावी, हे मला अजिबात पटलं नाही.

आम्ही पाच जण: मैत्रीण, तिचे यजमान, कॉलेजात जाणारा मुलगा, मैत्रिणीची ऐंशी पार केलेली आई आणि मी. मुलगा आजीला ‘ओबाआचान’ म्हणायचा, मी त्यांना आजीच म्हणू लागले आणि त्यांना ते आवडलं.

गाणं निवडायला टॅबलेटसारखी पाटी असते, तिला देनमोकु म्हणतात. तिच्यावर अक्षरांचा तक्ता आला आणि मी बघतच राहिले. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही आपलीच वर्णमाला! बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर संस्कृत उच्चारांचा अभ्यास जपानात नेला, त्याच क्रमाचा ठसा त्यांच्या अक्षरांवर राहिला. ‘सा’ आपल्या च-वर्गाच्या जागी आहे आणि ‘हा’ प-वर्गाच्या, कारण जुन्या जपानीत ‘हा’चा उच्चार ‘पा’ होता. मी हे मैत्रिणीला मोठ्याने सांगितलं, तिने ते आजीला जपानीत सांगितलं आणि आजींनी तक्त्यावरून हात फिरवला.

खेळ मात्र भेंड्यांहून कडक. आपल्याकडे ‘की’ आली तरी ‘क’ धरून कुठलंही गाणं चालतं. इथे ‘कि’ म्हणजे ‘कि’च. बाराखडीतलं नेमकं तेच घर. आपल्याकडे ‘ण’ आला की ‘न’ घ्या, ‘ळ’ आला की ‘ल’ घ्या, अशी सवलत घराघरात असते. इथे नावाचं शेवटचं अक्षर ‘न्’ आलं की गाणारा हरला, कारण ‘न्’ने जपानी शब्द सुरूच होत नाही. आम्ही गाण्याच्या नावावर खेळत होतो, आणि या घरचे दोन नियम होते. नाव आधी तोंडाने सांगायचं, मगच पाटीला हात लावायचा. आणि गाणं पूर्ण म्हणायचं. दुसऱ्या नियमासाठी मी त्यांना मनापासून नमस्कार केला. आमच्या घरच्या भेंड्या अलीकडे अर्ध्या ओळीवर आल्यात, आणि तीही फोनमध्ये बघून. गाणं म्हटलंच जात नाही, नुसतं अक्षर पुढे ढकललं जातं. याचं मला फार वाईट वाटतं.

सुरुवात ‘शिरितोरी’ या शब्दापासूनच, म्हणजे पहिलं अक्षर ‘रि’. आजींनी ‘रिंगो नो उता’ घेतलं, सफरचंदाचं गाणं, युद्ध संपल्यावर सगळ्या जपानने गायलेलं. आजी तेव्हा लहान मुलगी होत्या. आवाज कापत होता, सूर नाही.

दोन फेऱ्या सुखात गेल्या. मग आजींनी ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि’ म्हटलं. शेवटी ‘कि’. मैत्रिणीच्या यजमानांनी ‘कितागुनि नो हारु’ उचललं, ‘उत्तरेकडचा वसंत’. दोन्ही गाणी १९७७ची. यजमान स्वतः उत्तरेकडच्या इवाते प्रांतातले. ते डोळे मिटून गात होते, आणि मी ऐकता ऐकता विसरले की ‘हारु’च्या शेवटी ‘रु’ आहे आणि पाळी माझी आहे.

‘रु’ ही शिरितोरीतली सगळ्यात वाईट जागा. जुन्या अस्सल जपानी शब्दांच्या सुरुवातीला ‘र’ येतच नसे. र-ने सुरू होणारे शब्द बहुतेक चिनी नाहीतर पाश्चात्त्य भाषांतून आलेले, आणि ‘रु’चे तर मोजकेच. उलट शब्दाच्या शेवटी ‘रु’ पदोपदी. समोरच्याला मुद्दाम ‘रु’वर ‘रु’ देत राहणं हा खेळातला ठरलेला डावच आहे.

पण माझ्या वहीत ‘रु’चं पान कोरं नव्हतं. एक गाणं होतं: ‘रुज्यु नो देनगोन’, युमी आराइंचं, १९७५चं. मियाझाकींच्या चेटकिणीच्या सिनेमात ऐकून मी ते शब्दन् शब्द पाठ केलं होतं. मी अभिमानाने नाव सांगितलं. खोलीत कुणी बोललं नाही. मुलाने हळूच हवेत बोटाने एक अक्षर काढलं: ‘न्’.

देनगोन. शेवटी ‘न्’. सहा महिने मी प्रत्येक गाण्याचं पहिलंच अक्षर बघत आले होते, शेवटचं कधी बघितलंच नव्हतं.

मला रडू येईल असं वाटलं. यजमान उठून वाकले आणि माफी मागू लागले: पाहुणीला ‘रु’ द्यायला नको होता, ‘कि’ची दुसरी गाणी होती. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या गावचं गाणं म्हणालात, त्यात माफी कसली? आमच्याकडेही चांगल्या भिडूलाच अवघड अक्षर देतात. तेवढ्यात आजी म्हणाल्या, “नाव सांगितलं, पण गायलं कुठे? गायलं नाही ते मोजायचं नाही.” आणि माझ्या कानाशी येऊन, “रुबी.”

‘रुबी नो युबिवा’, माणकाची अंगठी, अकिरा तेराओंचं १९८१चं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. आजी माझ्याजवळ सरकून बसल्या, माइक दोघींच्या मधे धरला. पहिलं कडवं त्या गायल्या आणि मी ओठ हलवले. दुसऱ्या कडव्याला चाल कळली, मी अक्षरं वाचत त्यांच्या मागे मागे गेले. शेवटच्या कडव्याला त्या थांबल्या आणि मला एकटीला गाऊ दिलं. या सगळ्या प्रवासात मला मिळालेला हा सगळ्यात मोठा पाहुणचार.

पुढे साखळी धावत सुटली. ‘वा’ला मैत्रिणीचं ‘वाइन रेद्दो नो कोकोरो’. ‘रो’ला मुलाच्या ओठांवर ‘रोबिनसन’ आलं होतं, पण ‘न्’ आठवून त्याने ‘रोमान्सु नो कामिसामा’ घेतलं. मग आजींचं ‘माचिबुसे’, यजमानांचं ‘सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना’, आणि ‘ना’ माझ्याकडे. या वेळी मी नावाचं शेपूट आधी बघितलं. ‘नादा सोउसोउ’. कानाला लांब ‘ओ’ ऐकू येतो, पण लिहिताना शेवटी ‘उ’, म्हणजे मैत्रिणीला सोपं. तिने लगेच ‘उए ओ मुइते आरुकोउ’ लावलं, क्यू साकामोतोंचं, १९६३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. ते आम्ही पाचही जणांनी म्हटलं, आजींनी उभं राहून.

‘उ’ने सुरू आणि ‘उ’नेच शेवट. भिंतीवरचा फोन वाजला, दहा मिनिटं उरली होती. मुलगा म्हणाला, आणखी दोन गाणी बसतील. आजी म्हणाल्या, नको, ‘उ’ हिच्याकडे राहू दे, परत येईल तेव्हा पुढे.

घरी आल्यापासून वही नव्याने लिहितेय, प्रत्येक नावापुढे शेवटचं अक्षर लाल शाईने. ‘उ’च्या पानावर सध्या ‘उमि’ आहे, समुद्राचं, तिथली लहान मुलं म्हणतात ते. शेपूट ‘मि’. परत गेले की आजींच्या डाव्या हाताला बसेन, म्हणजे ते त्यांच्याकडे जाईल.