वाणासाठी पॉलिमर क्लेच्या तबकड्या: माझा अनुभव

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायला मी पॉलिमर क्लेच्या छोट्या तबकड्या केल्या, अंगठ्या-कानातली ठेवण्यापुरत्या. आकार देणं सोपं आहे. खरी परीक्षा भाजताना होते.

नावात क्ले असला तरी ही माती नव्हे. पीव्हीसी या प्लॅस्टिकची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारा प्लॅस्टिसायझर, असं हे मिश्रण. उन्हात ठेवून ते कडक होत नाही. ठरावीक उष्णता मिळाली तरच कण एकजीव होतात. १० सेंमी व्यासाची, ३ मिमी जाडीची एक तबकडी ५७ ग्रॅमच्या वडीत आरामात होते.

वडी आधी ५ ते १० मिनिटं मळायची. दुमडल्यावर चीर पडली नाही की झाली तयार. लाटून घडी घालताना घडीची बंद बाजू लाटण्याखाली आधी घ्यावी, नाहीतर हवा अडकते आणि भाजताना फोड येतात. फार मऊ पडली तर साध्या कागदात दाबून दोनेक तास ठेवावी, कागद जादा प्लॅस्टिसायझर ओढून घेतो. पांढरा रंग सर्वांत आधी मळावा. लाल-निळ्यानंतर हात कितीही पुसले तरी डाग उतरतोच. कपड्यांचे तंतूही पांढऱ्यावर लगेच दिसतात.

संगमरवरी नक्षीसाठी ३ भाग पांढरा, १ भाग निळा घ्यावा. दोन्हींच्या वळ्या एकत्र पिळायच्या, तीन-चार वेळा दुमडायच्या आणि थांबायचं. हात थांबत नाही, हीच अडचण! आणखी दोनदा मळलं की नुसता फिका निळा हाती येतो.

लाटताना खाली बटर पेपर आणि दोन्ही बाजूंना ३ मिमीच्या पट्ट्या ठेवल्या की जाडी सारखी येते. कापडछपाईचा लाकडी ठसा उमटवायचा असेल तर त्यावर आधी कॉर्नफ्लॉवर भुरभुरावं, म्हणजे तो चिकटत नाही. मग डब्याच्या झाकणाने गोल कापून, कड बोटाने गुळगुळीत करून ओव्हनमध्ये चालणाऱ्या काचेच्या उथळ वाडग्यात अलगद बसवावा. वाडगा खोल असला की कडेला चुण्या पडतात. काचेला टेकलेला भाग चकचकीत होतो, पण ती खालची बाजू, कोण बघतंय.

आता भाजणं. तापमान ब्रँडनुसार बदलतं: फिमोला ११० अंश सेल्सिअस, स्कल्पीला साधारण १३५. पाकिटावरचाच आकडा पाळावा. ओटीजीच्या (घरगुती छोट्या ओव्हनच्या) बटणावर मात्र विश्वास ठेवू नये. माझ्याकडे बटण १३० वर असताना आतला थर्मामीटर १५० दाखवत होता. कॉइल जवळ असल्याने वरचा भाग करपतो, म्हणून वाडग्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं सैल झाकण घालावं. ओव्हन १५ मिनिटं आधी तापवून मग तबकडी आत. पाकिटावर ३० मिनिटं असली तरी मी ४५ ठेवते. तापमान बरोबर असेल तर जास्त वेळाने बिघडत नाही, कमी वेळाने मात्र कड बिस्किटासारखी तुटते. तापमान फार चढलं तर पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो. त्यामुळे खिडकी उघडी हवी. मायक्रोवेव्ह तर नकोच.

गरम तबकडी मऊच लागते. कच्ची राहिली समजून परत भाजू नये. वाडग्यातच गार होऊ द्यावी. मग ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावा, कोरडा घासला तर धूळ नाकात जाते. वर्ख किंवा चमकीची पूड लावली असेल तरच वॉर्निश हवं, तेही वॉटर-बेस्ड, म्हणजे पाण्यावर आधारित. नेलपॉलिश लावल्यास पृष्ठभाग काही दिवसांनी चिकट होऊ लागतो.

उरलेला क्ले पॉलिथिनच्या पिशवीत ठेवावा. कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या काही डब्यांना तो चिकटून त्यांनाच विरघळवतो. लाटणं आणि वाडगा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. वाणासोबत मी एक चिठ्ठी ठेवते: यात तिळगूळ ठेवू नका, हळदीचा डाग पडतो, ओल्या फडक्याने पुसा.