प्रेस्टनचे १३ किलोमीटर

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधले चार दिवस पावसात, तळ्याकाठी आणि मेंढ्या बघण्यात मजेत गेले. लिहावंसं वाटतंय ते मात्र जातानाच्या १३ किलोमीटरबद्दल.

मँचेस्टर सोडून एम-६ महामार्गाने उत्तरेला निघालं की प्रेस्टनपाशी रिबल नदीवरचा सॅमल्सबरीचा पूल येतो. तो आम्ही ट्रकांच्या मागे मुंगीच्या पावलांनी ओलांडला. प्रेस्टनला वळसा घालणारा हा १३ किलोमीटरचा रस्ता म्हणजे ब्रिटनचा पहिला मोटरवे! पंतप्रधान मॅकमिलन यांनी ५ डिसेंबर १९५८ला तो खुला केला. तोवर रस्ता म्हटला की सायकली, घोडे, पादचारी सगळ्यांचा. फक्त मोटारींसाठी रस्ता बांधायची सोय १९४९च्या कायद्याने झाली.

लँकेशर काउंटीचे सर्व्हेयर, म्हणजे तिथल्या रस्त्यांचे प्रमुख अभियंते, जेम्स ड्रेक यांना दोन्ही बाजूंना तीन-तीन लेन हव्या होत्या. मंत्रालयाने दोनच मंजूर केल्या. मग मधला दुभाजक चांगला ३२ फूट ठेवला आणि पूलही तिसरी लेन मावेल असे बांधले. पुढे ती लेन दुभाजकावरच्या हिरवळीतूनच निघाली. आता चार आहेत, तरी गर्दी हटत नाही.

उद्घाटनाला ४६ दिवस होतात न होतात तोच रस्ता बंद करावा लागला! जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि पाठोपाठ हवा एकदम उबदार झाली. वरचा डांबराचा थर पातळ, तात्पुरता. जाड थर नंतर चढवायचा होता. साइडपट्टी कच्ची, पाण्याचा निचरा अपुरा. पाणी कडेने आत शिरलं, खडीखाली साचलं आणि गोठलं. गोठताना पाणी साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, म्हणजे वरचा थर उचलला जाणार. खरा घात मात्र वितळताना होतो. बर्फ वरून खाली वितळतो, खालचा थर गोठलेलाच असतो, त्यामुळे सुटलेल्या पाण्याला वाट मिळत नाही. खडीखालच्या मातीचा चिखल होतो आणि चाकांच्या वजनाने डांबर तडकतं. आपल्याकडे हेच काम पावसाळा करतो, गोठण्याबिठण्याची भानगड न करता. डांबराला नावं ठेवण्याआधी कडेची गटारं बघावीत, असं माझं मत.

निळ्या पाटीवरची पांढरी अक्षरं मात्र रांगेत थांबून निवांत वाचली. जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या डिझायनर जोडीच्या या पाट्या पहिल्यांदा इथेच लागल्या, तेही सुसाट गाडीतून वाचता याव्यात म्हणून. आमचा वेग तेव्हा ताशी आठ किलोमीटर होता.