धडा तोंडपाठ, वाचन मात्र नाही

दुसरीतला तो मुलगा धडा घडाघडा म्हणायचा. आवाज खणखणीत, बोट ओळीवर. त्या दिवशी एकेकाचं वाचन घेताना माझं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं. तोंड पुढची ओळ म्हणत होतं आणि बोट मागच्याच शब्दावर होतं.

मी त्याच धड्यातले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट मांडले. 'मगर' त्याला वाचता येईना. म, ग, र ही तिन्ही अक्षरं त्याने अचूक ओळखली. "आता जोड बघू," म्हटलं की पुन्हा तेच, "म, ग, र."

'मगर' आपण तीन अक्षरांत लिहितो, पण बोलताना 'म-गर्' म्हणतो. शेवटच्या र मधला अ उच्चारात गळतो. मोठ्यांना हे जाणवतही नाही. प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारून जोडणाऱ्या मुलाच्या कानावर मात्र ओळखीचा शब्द येतच नाही. टाळ्या वाजवून शब्द फोडायला सांगितला तर कितीतरी मुलं 'मगर'ला दोनच टाळ्या देतात. त्यांचा कान बरोबरच असतो, त्यांना चूक म्हणू नये.

मग चिठ्ठ्या बाजूला सारल्या आणि आधी कानाचं काम घेतलं. मी तोडून म्हणायचे, त्याने जोडायचं. सुरुवात मामा, काका, गाडी अशा शब्दांनी, कारण त्यांच्या शेवटच्या अक्षराला काना किंवा वेलांटी असते, तिथे काही गळत नाही. ते जमल्यावर घर, नळ. पहिलं अक्षर लांबवायचं आणि न थांबता पुढच्यावर जायचं: "घऽऽर". मग पुन्हा तीच चिठ्ठी. "मऽगऽर... मगर! पाण्यातली?"

मी म पुसून न लिहिला. "नगर." मग ठ लिहिला. "ठगर," म्हणाला आणि खो-खो हसत सुटला, "असं काही नसतंच!" मला त्या निरर्थक शब्दाचाच आनंद जास्त झाला. तो पाठ असणं शक्यच नव्हतं, त्याने तो अक्षरांवरूनच वाचला होता.

सगळा वर्ग एका सुरात वाचतो तेव्हा अशी मुलं सहज लपतात. म्हणून धडा संपला की मी त्यातले शब्द सुटे करून, जागा बदलून प्रत्येकासमोर ठेवते. वेळ जातो, पण कोण कुठे अडलंय ते नेमकं कळतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही 'पिन'वर अडलो. वेलांटी प च्या आधी दिसते, तिचा उच्चार मात्र नंतर येतो. ते शिकवायला अख्खा तास लागला.