माझं वर्ष आता जानेवारीत सुरू होत नाही

दरवर्षी माझं ठरलेलं असायचं. ३१ डिसेंबरच्या रात्री नवी कोरी डायरी उघडायची, पहिल्या पानावर आकडे घालायचे आणि लिहीत सुटायचं, पहाटे साडेपाचला उठणे, रोज ५ किलोमीटर, महिन्याला दोन पुस्तकं, साखर बंद, गिटार. आणि मग तिसऱ्या आठवड्यात कधीतरी अलार्म वाजतो, बाहेर मिट्ट काळोख, पांघरुणातून हात बाहेर काढला तरी गारठतो आणि तो हात फक्त अलार्म बंद करण्यापुरताच बाहेर येतो. फेब्रुवारीत त्याच डायरीत सामानाच्या याद्या.

इतकी वर्षं मला वाटायचं मी आळशी आहे. (आहेच, पण तो मुद्दा वेगळा.) मग एकदा सूर्योदयाच्या वेळा बघत बसले आणि चाटच पडले. उत्तर गोलार्धात सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, हे शाळेतच घोकलंय, त्यामुळे मी धरून चालले होते की २२ नंतर सकाळ लवकर व्हायला लागत असणार. तर नाही! दिवस मोठा होतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने. सूर्योदय जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेक ठिकाणी अजून उशिराच सरकत असतो, कारण त्या दिवसांत एका माध्यान्हापासून (सूर्य आकाशात सगळ्यात वर येतो ती वेळ) दुसऱ्या माध्यान्हापर्यंत २४ तासांपेक्षा साधारण अर्धा मिनिट जास्त लागतो आणि घड्याळ काही थांबत नाही. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात उशिरा उजाडणाऱ्या सकाळी गाठून मी लवकर उठायचा संकल्प करत होते. शरीराला जागं व्हायला डोळ्यावर उजेड आला की सोपं जातं, अंधारात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक झोपवत राहतं, त्यात बिचाऱ्या अलार्मचा काय दोष.

बरं ही १ जानेवारी तरी कुठून आली? रोमन लोकांच्या कारभारातून. इ.स.पू. १५३ पासून त्यांचे कॉन्सुल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी, या तारखेला पदभार घ्यायला लागले. त्याआधी त्यांचं वर्ष मार्चपासून, म्हणून तर सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यात आपल्याला सप्त, अष्ट, नव, दश ऐकू येतात आणि महिने मात्र नववा ते बारावा. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं. एकूण काय, ऑफिसच्या सोयीची तारीख आहे ती, तिच्यासाठी मी स्वतःला किती बोल लावून घ्यायचे.

पण माझं डोकं खरं फिरलं ते एका डहाळीने. खिडकीतलं झाड हिवाळ्यात पार खराटा होतं. मागच्या हिवाळ्यात त्याची एक तुटकी डहाळी घरात आणली, सालीवर नखाने ओरखडलं तर खाली हिरवंगार. टोकाला तपकिरी कळी होती, तांदळाच्या दाण्याएवढी, तिचे खवले सुईने एकेक सोडवले तर आत फिकट पोपटी पानं, घडी घालून ठेवल्यासारखी, शिरांसकट. ही पानं वसंतात बनत नाहीत, आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेली असतात. आणि नुसती बसलेली नाही, अशा झाडांना ठरावीक थंडी मिळाल्याशिवाय कळी नीट फुटतच नाही. सफरचंदाच्या बऱ्याच जातींना त्यासाठी हजारेक तासांची थंडी लागते. थोडक्यात आपण ज्याला रिकामा काळ म्हणतो तो झाडाच्या हिशोबात मोजलेला असतो.

म्हणून मी आता उलटं करते. हिवाळ्यात काहीही सुरू करायचं नाही, फक्त निवडायचं, आणि निवडण्यापेक्षा खोडायचंच जास्त. सुरुवात मार्चच्या विषुवदिनाच्या आसपास, तेव्हा दिवस सगळ्यात भराभर वाढत असतो, अलार्म दर आठवड्याला थोडा थोडा लवकरचा लावत गेलं तर उजेड बरोबर येतो, ढकलावं लागत नाही. उन्हाळ्यात रेटून काम. आणि त्या घाईतच पुढच्या वर्षाची कळी धरायची, म्हणजे ज्याचं टार्गेट अजून नाही असं काहीतरी आठवड्यातून वीस मिनिटं करून बघायचं. या उन्हाळ्यात मी पेन्सिलने हातांची चित्रं काढत होते, भयानक आहेत, पण वही भरली.

शरद मला सगळ्यात अवघड जातो. पान गाळायच्या आधी झाड त्यातला बराचसा नायट्रोजन आणि फॉस्फरस परत आत ओढून घेतं, मग देठाशी असलेल्या पेशींच्या थरापाशी पान सुटतं. मी मात्र एखादं ध्येय सोडून देताना सगळंच फेकून मोकळी व्हायचे, वर अपराधी वाटायचं ते वेगळंच. यंदा गिटार सोडली. सोडायच्या आधी बसून विचार केला की यातलं काय ठेवायचं, तर जेवणानंतर अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवायची सवय, ती गिटारमुळे लागली होती. ती ठेवली, गिटार भाचीला दिली.

हे सगळ्यांना असंच्या असं लागू नाही, उघड आहे. दक्षिण गोलार्धात सगळं सहा महिन्यांनी उलटं, विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर बाराच तासांचा, तिथे पाऊस आणि कोरडा काळ हेच ऋतू. आणि ऑफिसचं टार्गेट झाडाला विचारून येत नाही, ते यायचं तेव्हा येतंच, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

डिसेंबर संपत आलाय. नवी डायरी आणलीये, त्यात सध्या तीन ओळी आहेत, पैकी एक काल खोडली. चित्रांची वही शेजारी ठेवलीये. अलार्म सातचा लावलाय.