फायटरची जोडी लावण्याआधी: पहिले चौदा दिवस

मागच्या खेपेला फायटर (बेट्टा) माशांची अंडी मिळाली, पिल्लं फुटली, चौथ्या दिवशी घरट्यातून सुटून आडवी पोहायलाही लागली. त्यानंतर तीन दिवसांत एकही उरलं नाही. रोग नाही, पाणीही ठीक. पोटाखालची अन्नाची पिवळी पिशवी संपली आणि तोंडात मावेल असं खायला टाकीत काहीच नव्हतं. पिल्लं पोहायला लागल्यावर मी इन्फ्युसोरियाची, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची, बरणी लावली होती. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ती हीच. म्हणून या वेळी सुरुवात पिल्लांच्या ताटापासून, जोडीकडे नंतर बघू.

दिवस १

जुन्या टाकीतलं पाणी, कोबीचं एक उकडलेलं पान आणि जावा मॉस या पाणवनस्पतीचा चिमूटभर गुंता एका बरणीत घातला. दोन दिवसांनी पाणी दुधट होऊन वास मारेल, तेव्हा फेकायचं नाही. तो जिवाणूंचा टप्पा. पुढे पाणी हळूहळू निवळतं, कारण तेच जिवाणू खाऊन इन्फ्युसोरिया वाढतात. शेजारी ओट्सच्या लापशीवर यीस्ट भुरभुरून मायक्रोवर्मचा (बारीक कृमींचा) डबाही लावला. एक फसलं तर दुसरं.

दिवस ३

नर निळा हाफमून (अर्धचंद्रासारख्या शेपटीचा), मादी त्याच्याहून जराशी लहान. दोघंही सात-आठ महिन्यांची. वेगवेगळ्या बरण्यांत, मध्ये पुठ्ठा. सारखी नजरानजर होत राहिली की नर फुगून फुगून दमतो आणि खाणं सोडतो.

खुराक दिवसातून तीनदा, थोडा थोडा: डासांच्या अळ्या, डाफ्निया (पाणपिसवा), अधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या). अळ्या चहाच्या गाळणीत धुऊन घेतो. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसले की ते आधी खाऊ घालायचे, नाहीतर रात्री त्यांचेच डास होतात आणि छंदावरून घरात बोलणी बसतात.

दिवस ८

मादीचं पोट भरलंय. पण अंड्यांनी की अळ्यांनी? एक दिवस उपास घडवला. खाण्याने आलेला फुगवटा उतरतो, अंड्यांचा तसाच राहतो. आज सकाळी वरून पाहिलं तर दोन्ही बाजूंना सारखी गोलाई कायम होती. बरणीचं पाणी मात्र रोज थोडं बदलावं लागतंय. एवढ्या खाण्यावर घाण चटकन साठते.

दिवस ९

टाकी लावली. तळाला वाळू नाही, कारण अंडी बुडतात आणि नराला ती एकेक तोंडात उचलून घरट्यात न्यायची असतात. वाळूत गेलेलं अंडं गेलंच म्हणायचं. पाणी फक्त १२ सेंमी. हा मूळचा थायलंडकडच्या उथळ, संथ पाण्यातला मासा, खोल पाण्यात बापाची नुसती वरखाली दमछाक होते. हीटर २८ अंशांवर. थर्मोकोलचा अर्धा कप उभा चिरून काचेला पालथा चिकटवला, त्याखाली घरटं फुटत नाही. एका कोपऱ्यात जावा मॉसचा दाट गुंता, मादीला लपायला. देशी बदामाचं वाळलेलं पान टाकल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं दिसू लागलं.

वरून प्लास्टिकची फिल्म. हे मी आधी थोतांड समजत होतो. पण तीन-चार आठवड्यांची झाली की पिल्लं पृष्ठभागावर येऊन हवा घ्यायला लागतात, आणि तेव्हा वरची हवा दमट, उबदार लागते. नंतर धावपळ नको म्हणून सवय आतापासून.

दिवस १२

नर टाकीत सोडला. मादी कंदिलाच्या काचेत, टाकीच्या मधोमध. अर्ध्या तासात तिच्या अंगावर आडवे काळे पट्टे उमटले आणि ती तळाला बसून राहिली. आडवे म्हणजे भीती. काच तशीच ठेवून खोलीतला दिवा मालवला. मागे याच टप्प्यावर मी उतावीळपणे मादी सोडली होती, वीस मिनिटांत तिच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या.

दिवस १३

नराने घरटं धरलंय. वर येऊन हवा घेतो, तोंडात घोळवतो आणि लाळेत लपेटलेला बुडबुडा कपाखाली सोडतो. एखादा बाजूला निसटला की मागे फिरून, तोंडात धरून परत आणतो. संध्याकाळपर्यंत दोन बोटं रुंद फेस झाला. पण घरटं झालं म्हणजे जोडी जमली असं नाही, एकटा नरसुद्धा घरटी बांधत बसतो. खरं उत्तर मादीकडे असतं.

दिवस १४, रात्र

मिळालं! आडवे पट्टे गेले, उभे उमटले. पोटाखाली मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका स्पष्ट दिसतोय. नर पिसारा फुलवून आला की ती पळत नाही, डोकं खाली घालून काचेपाशीच थांबते. तो घरट्यापर्यंत जातो, वळून बघतो, पुन्हा येतो. घरटं आता चार बोटं रुंद आणि दोन थरांचं.

काच आत्ता उचलायचा मोह होतोय, पण रात्री मारामारी झाली तर बघायला कोण? उद्या सकाळी दिवा लावल्यावर उचलणार, सुट्टी काढलीय. अंडी देऊन झाली की मादीला लगेच बाहेर काढायचं, तिची बदामपानाची बरणी भरून ठेवलीय.

झोपण्याआधी इन्फ्युसोरियाच्या बरणीवर टॉर्च मारला. पाणी निवळलंय, आणि उजेडाच्या झोतात पांढरी धूळ आपली आपण हलतेय.