तुम्ही विचारलंत म्हणून: रोज टेकडीवर असतं तरी काय?

"सोसायटीत जिम आहे, ट्रेडमिल आहे. मग रोज वेताळ टेकडीवर कशाला? तेच दगड, तेच गवत!" शेजारी विचारतात, ऑफिसात विचारतात, घरी आलेले पाहुणेही विचारतात.

नुसत्या व्यायामाचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. चालल्याचा फायदा ट्रेडमिलवरही होतोच. मी पुण्यातली ही टेकडी चढते ती डोक्यासाठी.

दिवसभर आपण लक्ष ओढून धरतो, स्क्रीनवर, हिशेबात, रहदारीत. त्याने माणूस दमतो. टेकडीवर लक्ष आपसूक जातं, ओढावं लागत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने हेच मांडलंय: निसर्गात दमलेल्या लक्षाला विसावा मिळतो. मला ते वाचण्याआधीच पटलेलं होतं. ऑफिसातली एखादी गोष्ट डोक्यात घोळवत मी चढायला लागते आणि वर पोचेपर्यंत पावशाचा 'पेरते व्हा' कुठल्या झाडावरून येतोय ते शोधत असते.

आणि 'तेच गवत' नसतं हो! फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो. गणेरीला एकही पान नसतं, पण पिवळीधमक फुलं असतात. मे संपता संपता मेडशिंगीचा पांढरा सडा पडतो. त्याच सुमारास नवरंग येतो. दिसतो क्वचित, पण त्याची दोन सुरांची शीळ झुडपांतून येत राहते. पाऊस पडला की काळा कातळ हिरवा होतो आणि जुन्या खाणीत पाणी साठतं. या सगळ्याची वाट बघायला लागलं की वर्षाला वेगळीच लय येते. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तो कुठल्याही तपासणीच्या रिपोर्टात दिसत नाही.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यात दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. मुळात धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडत असतील, ही शंका अशा पाहणीत राहतेच. पण ते दोन तास सलग असोत की तुकड्यातुकड्यांनी, फरक पडत नव्हता, हे नोकरी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

मुलांच्या बाबतीत मात्र मी आग्रहच धरते. चीनमधल्या ग्वांगझूच्या काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांत तिथल्या ३०.४ टक्के मुलांना दूरचं धूसर दिसू लागलं. इतर शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होतं. घरात उजेड काहीशे लक्स असतो, बाहेर ढगाळ दिवशीही हजारोंनी. त्या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवतं आणि डोळ्याचा गोल लांबट होण्याला आळा बसतो, असं संशोधक मानतात. म्हणून भाचीला रविवारी क्लासऐवजी टेकडीवर पाठवा, असं मी बहिणीला पुन्हा पुन्हा सांगते.

तुम्हीही या. गुडघे कुरकुरत असतील तर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने बरंच वर येता येतं. पुढची वाट पुष्कळशी सपाट आहे. पाणी बरोबर घ्या, इअरफोन घरी ठेवा. आणि दिवाळीच्या आसपास येणार असाल तर जाळीचे बूट नकोत, कुसळं थेट पायमोज्यात घुसतात.